पाठीवरचे बिऱ्हाड : पंडिता रमाबाईंचा प्रवास

तमिळनाडूत तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले की सुमारे २५ किलोमीटरांवर पापनाशम नावाचे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला तो मुलूख भाताच्या शेतांनी आणि देवळांच्या गोपुरांनी भरलेला आहे. मराठी माणसाला तो परका वाटू नये, कारण १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर मराठे राजे होते आणि त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आजही जपून ठेवलेली आहेत. राक्षसवधाचे पातक फेडण्यासाठी रामाने पापनाशम येथे १०८ शिवलिंगे स्थापिली, अशी तेथील देवळाची आख्यायिका आहे. गावाचे नावच पापाचा नाश असे आहे. त्या नावात शेकडो वर्षे पायी चालत आलेल्या लाखो यात्रेकरूंची एकच आस साठलेली आहे.

ही आस उरी बाळगून दक्षिणेतील तीर्थांच्या वाटा तुडवणाऱ्या एका मराठी कुटुंबाची आणि त्या कुटुंबातील एका मुलीची कथा आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी, बाप्तिस्म्याविषयी आणि मुक्ति मिशनविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. परंतु त्यांचे जवळजवळ अर्धे आयुष्य स्वतःचे घर नसताना, कामाच्या आणि आसऱ्याच्या शोधात, प्रथम आपल्याच देशात आणि पुढे सातासमुद्रापार गेले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यांच्या पुढील कार्याचे मर्म मात्र याच वर्षांत दडलेले आहे.

वेताच्या करंडीतील बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी पेशव्यांच्या घरात एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले आणि आपल्याही पत्नीला ही विद्या द्यावी असा त्यांनी निश्चय केला. स्त्रीने देवभाषा शिकणे त्या काळी अधर्म मानले जाई. शास्त्र्यांच्या सभेपुढे जाब देण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली, पण रोजचा विरोध टाळावा म्हणून ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

त्या रानातल्या घरी विद्यार्थी येत, यात्रेकरू उतरत. आल्यागेल्याला जेवू घालता घालता अनंतशास्त्र्यांची जमीनजुमला गेली आणि कर्ज झाले. शेवटी घर सोडून तीर्थयात्रेस निघण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रमाबाई तेव्हा जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. एका गड्याने त्यांना वेताच्या करंडीत घालून डोक्यावरून नेले. त्यानंतर सुमारे वीस वर्षे या कुटुंबाला कायमचे घर म्हणून लाभले नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. या कुटुंबाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती.

त्यांचा उदरनिर्वाह कसा चाले, हे आपण समजून घेतले पाहिजे. तीर्थाच्या गावी पोहोचल्यावर देवळाच्या ओवरीत किंवा नदीकाठच्या झाडाखाली बसून आईवडील आणि मुले पुराण वाचीत. श्रोते जमत आणि पोथीपुढे फुले, फळे, तांदूळ, चार पैसे ठेवून जात. त्यातूनच शिधा व्हायचा आणि त्यातूनच दानधर्मही व्हायचा. वाटेत, मुक्कामात, जमेल तेव्हा आई लक्ष्मीबाई मुलीला शिकवीत. रमाबाईंचे सारे संस्कृत शिक्षण आईच्या तोंडून झाले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

भिक्षा मागणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. अंगमेहनतीचे काम त्यांना येत नव्हते, आणि आले असते तरी त्या काळच्या ब्राह्मण कुळाला ते कमीपणाचे वाटले असते. धर्मग्रंथांच्या वाचनाखेरीज पोट भरण्याचे कोणतेही साधन मुलांच्या हाती दिले गेले नव्हते. लोकांच्या घरी धान्य होते तोवर पोथीपुढे मूठभर पडत राहिले. दुष्काळ आला आणि ते बंद झाले.

दुष्काळाची वाट

१८७० नंतरच्या वर्षांत मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई वाढत गेली. डोंगरे कुटुंबाने उरलेसुरले दागिने, भांडी, चांगली वस्त्रे विकली. देव प्रसन्न व्हावा म्हणून उपासतापास केले, जप केले, दाने दिली. शेवटचा दाणा संपला तेव्हा ते रानात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेली होती. मुलांवर आपला भार नको म्हणून त्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून साध्या मजुराचे काम करीन, पण आईवडिलांना जगवीन, असा त्याने निर्धार केला. परंतु फार उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले आणि त्यानंतर लवकरच आईही गेली.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग हृदय पिळवटून टाकणारा आहे. परक्या गावात या निर्धन परप्रांतीयांच्या मदतीस येणार कोण? मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले. चौथ्या खांदेकऱ्याच्या जागी रमाबाईंना उभे राहावे लागले. उंची कमी असल्यामुळे तिरडीचा दांडा खांद्याला लागेना, म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला आणि दूरच्या स्मशानापर्यंत तसाच वाहून नेला. पुढे थोरली बहीणही वारली.

आता उरली दोन भावंडे. दक्षिणेतून उत्तरेकडे, पंजाबपासून बंगालपर्यंत, त्यांनी चार हजार मैलांहून अधिक प्रवास पायी केला. काम मागावे तर हाती कसब नाही, उतरावे तर ओळख नाही, अशी त्यांची स्थिती होती. भिजवलेले मूठभर धान्य आणि मिठाचा खडा एवढ्यावर अनेक दिवस निघाले. पांघरूण नसे. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत आडवे होऊन डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरड्या वाळूचे पांघरूण करून रात्र काढली.

वाचकहो, या भटकंतीत त्यांचे केवळ पायच झिजले नाहीत. पापनाशमसारख्या तीर्थांकडे ज्या श्रद्धेने त्यांचे आईवडील चालत राहिले, ती श्रद्धाही मुलांच्या मनात हळूहळू क्षीण झाली. सांगितलेले सर्व विधी आम्ही केले, तरी आमची हाक कोणी का ऐकली नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. तो प्रश्न श्रद्धाहीन माणसाचा नव्हता. विश्वासाने सारे काही करून रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या माणसाचा होता.

नाव मिळाले, घर मात्र नाही

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. एक तरुण स्त्री अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रांवर विवेचन करते, हे पाहून तेथील विद्वज्जन थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एकाएकी त्यांचे नाव देशभर झाले. पण नाव म्हणजे घर नव्हे. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा विवाह म्हणून समाजाने पाठ फिरवली, तरी आसाममधील सिल्चर येथे त्यांना प्रथमच स्वतःचा संसार लाभला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. हे सुख दोन वर्षेही टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीला पटकीने नेले. तेवीस वर्षांची ती विधवा तान्ह्या मुलीसह पुन्हा निराधार झाली.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असे निक्षून सांगितले. आपण स्वतः वैद्यक शिकावे असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. त्यासाठी इंग्लंडला जावयाचे होते, पण हाती पैसा नव्हता. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची तजवीज केली. कोणाच्या उपकाराने नव्हे, तर स्वतःच्या लेखणीने मिळवलेल्या पैशावर त्या निघाल्या, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

वॉन्टेजचे छप्पर

२० एप्रिल १८८३ रोजी रमाबाई, दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण अशा तिघी मुंबईहून आगबोटीने निघाल्या. इंग्लंडमध्ये वॉन्टेज या गावी सेंट मेरी भगिनीसंघाचे मठगृह होते. या भगिनींची शाखा पुण्यात असल्यामुळे ओळख झालेली होती. रमाबाईंनी हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना राहणे, जेवण आणि इंग्रजीचे शिक्षण मिळावे, असा करार झाला. आपण ख्रिस्ती होणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वीच स्पष्ट केले होते.

परक्या देशात दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याचा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी घेतला असेल, त्यांना पुढची गोष्ट सहज कळेल. आश्रय कितीही प्रेमाने दिलेला असो, आश्रिताच्या मनात एक धाकधूक असतेच. आनंदीबाईंच्या मनाला ती सोसवली नाही. आपल्याला बळाने बाटवतील ही भीती त्यांच्या मनात बसली, मनाचा तोल गेला आणि इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच त्यांनी विष घेऊन जीवन संपवले. त्यांच्यावर असा बळजोरीचा प्रसंग कोणी आणला नव्हता. परंतु भुकेल्या आणि बेघर माणसाला देणाऱ्याच्या हेतूविषयी किती भय वाटू शकते, हे त्या मृत्यूने रमाबाईंना जन्मभरासाठी शिकवले.

दुसरा आघात शरीराचा होता. त्यांची श्रवणशक्ती मंद होत चालली होती. व्याख्याने ऐकू येत नाहीत आणि रोग्याची छाती तपासता येत नाही, तिने वैद्यक कसे शिकावे? ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम दाराशीच संपले.

अशा खचलेल्या दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले कार्य दाखवले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जात होते. पतित मानलेल्या स्त्रीकडे कोणी दयेने पाहते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. असे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली ती शोमरोनी स्त्री आणि तिच्याकडे पाणी मागणारा, प्रवासाने थकलेला येशू. गावोगावच्या विहिरींवर आणि नदीकाठांवर आयुष्य घालवलेल्या रमाबाईंना ती कथा थेट काळजाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

भाकरीची किंमत

बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या सर्व अडचणी संपल्या असतील, असे आपणांस वाटेल. घडले उलटेच. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध महाविद्यालयात शिकू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना आपुलकीने जवळ केले. त्या स्वतः गणित, विज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवून आपला भार हलका करीत. त्या महाविद्यालयाबाहेर पुरुष विद्यार्थ्यांनाही संस्कृत शिकवावे अशी सूचना आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिच्या कार्याला बट्टा लागेल, असे त्यांचे म्हणणे. ज्या स्त्रीने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे शास्त्रार्थ केला होता, तिला हे कसे पटावे? आपल्या कामाविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता इतरांनी घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते आणि तसे त्यांनी पत्रांतून कळवले.

धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत. त्यांच्याशीही अनेक बाबतींत मतभेद झाले. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही आणि अंडे घातलेले गोड पदार्थही खाल्ले नाहीत. हा जुन्या जातीचा अभिमान आहे, अशी टीका झाली. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, मग तेथे संस्कृत का नसावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी खोलवर शंका विचारल्या. मनोरमेला काय शिकवावे याचा निर्णय आईचा आहे, असेही त्यांनी ठामपणे सांगितले.

या वादांत दोन्ही बाजूंस चांगली माणसे होती, हे आपण विसरू नये. भगिनींनी त्यांना घर दिले, आजारपणात सांभाळले, प्रभूची ओळख करून दिली. रमाबाई हे उपकार कधी विसरल्या नाहीत. परंतु भाकरी आणि छप्पर दिले म्हणून सद्सद्विवेकावरही आपला हक्क आहे, असे देणाऱ्याला नकळत वाटू लागते. हा दोष वाईट माणसांतच असतो असे नाही. तो सज्जनांत अधिक सहज शिरतो, कारण त्यांना आपला हेतू शुद्ध आहे याची खात्री असते. हातात पैसा नाही, कान अधू, पदरात लहान मूल, परतीची वाट अनिश्चित, अशा अवस्थेत रमाबाईंनी कृतज्ञता आणि स्वातंत्र्य या दोहोंपैकी एकही सोडले नाही. उपासमारीच्या वर्षांतही ज्या भिक्षेसाठी हात पसरत नव्हत्या, त्या मनाचा सौदा कसा करणार?

अमेरिकेतील तीन वर्षे

१८८६ च्या आरंभी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून त्यांना निमंत्रण आले. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. या सोहळ्यासाठी थोडे दिवस म्हणून गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या.

येथे त्यांना खरे काम सापडले. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धती शिकून घेतली, कारण कोवळ्या वयातील विधवांच्या हाती एखादे पोटापाण्याचे कसब देण्याचा तो मार्ग होता. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकाच्या विक्रीने त्यांना आधार दिला. गावोगाव व्याख्याने देत, वेगवेगळ्या कुटुंबांत उतरत, आगगाडीने त्यांनी अमेरिका पालथी घातली. तोच जुना प्रवास, तीच अनोळखी गावे, पण आता त्या स्वतःसाठी आसरा मागत नव्हत्या. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी एक घर मागत होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्या घराला दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले. मायदेशी परतल्यावर त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हा ग्रंथ १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध करून आपल्या बांधवांना तो देश दाखवला.

दार उघडे असलेले घर

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन तीच आनंदीबाई कर्वे झाली.

या घराची रचना पाहिली की वॉन्टेज आणि चेल्टनहॅमची वर्षे डोळ्यांपुढे येतात. तेथे हिंदू मुलींच्या सोवळ्याओवळ्याला, जेवणाखाण्याच्या रीतीला धक्का लावला जात नसे. त्यांना त्यांची पूजाअर्चा करण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत, पण त्या खोलीचे दार त्या बंद करीत नसत. ज्याला यावयाचे त्याने यावे, ज्याला यावयाचे नाही त्याने येऊ नये. पुढे सदन पुण्यास हलले. काही मुली प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा गावात गदारोळ उठला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. विधवांना घर नको होते असे नव्हे, तर मुलींचा धर्म जाईल हे भय पालकांना होते. आनंदीबाई भगतांच्या जवळ राहिलेल्या रमाबाईंना हे भय ठाऊक होते. त्यांनी दार बंद केले नाही आणि कोणाला आत ओढलेही नाही.

या काळातच त्यांच्या आत्मिक जीवनातही पालट झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे नमूद केले. १८९१ च्या सुमारास त्यांना पापक्षमेची खात्री लाभली आणि मन निवाले. जी वस्तू शोधीत त्यांचे आईवडील दक्षिणेच्या वाटांवर पडले, ती त्यांना कोणत्याही प्रवासाच्या शेवटी नव्हे, तर दान म्हणून मिळाली.

केडगावचे मुक्तिसदन

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना रानातले ते अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि रस्त्याकडेला, धर्मशाळांत, दलालांच्या जाळ्यात सापडलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या माणसांना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली. पुन्हा एकदा प्रश्न उभा राहिला, उतरायचे कोठे? पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेच मुक्तिसदन झाले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मुक्तिसदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते आणि ते तसे असल्याचे रमाबाईंनी लपवले नाही. तेथे केवळ अन्न वाटले जात नव्हते, हे आपण विशेष लक्षात घ्यावे. शेती, विहिरी, गोठा, माग, तेलघाणा, शिवण, छापखाना अशी नाना कामे तेथे होती आणि प्रत्येकीने एक तरी काम शिकावे असा नियम होता. याचे कारण आपण वर पाहिले आहे. पोथीखेरीज दुसरे काहीच हाताला न शिकवल्यामुळे आपले आईबाप उपाशी मेले, हे ज्या मुलीने पाहिले, तिने आपल्या घरात कोणत्याही मुलीचे हात रिकामे राहू दिले नाहीत. अंध स्त्रियांसाठी सोय केली. फुलहॅमची आठवण ठेवून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि तेथील स्त्रियांनीच त्याची छपाई केली.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या आणि उजवा हात असलेली मनोरमाबाई निवर्तली. ते दुःख सोशीत, शास्त्राच्या मुद्रितांवरून हात फिरवीत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूजवळ गेल्या. केडगावचे ते घर आजही उभे आहे.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, आज आपल्या मंडळ्यांतील कितीतरी तरुण-तरुणी पाठीवर पिशवी घेऊन काम शोधावयास परगावी आणि परदेशी जातात. भाड्याची खोली मिळत नाही, नाव आणि धर्म विचारून दार लावले जाते, शिक्षणाचे काम मिळत नाही म्हणून मिळेल ते पत्करावे लागते. त्यांना रमाबाईंच्या चरित्रात एक मोठी बहीण भेटेल. हातात मिळेल ते काम हलके मानू नये आणि दुसऱ्याच्या छपराखाली राहतानाही मन गहाण टाकू नये, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याने दाखवून दिले.

पण त्यांचे चरित्र जाणाऱ्यांपेक्षा घरी असणाऱ्यांना अधिक विचारते. आपली वसतिगृहे, अनाथाश्रम, दवाखाने, मंडळीतील दारे उघडी आहेत का? आणि उघडी असतील, तर आत येणाऱ्याकडून आपण मनातल्या मनात कोणती किंमत मागतो? कृतज्ञतेची, आज्ञाधारकपणाची, आपल्यासारखेच होण्याची? ज्या प्रभूच्या जन्मवेळी उतारशाळेत जागा नव्हती, त्याच्या नावाने दिलेल्या जागेची किंमत मागता येत नाही. आपल्या गावातील स्थानकावर, चर्चच्या ओट्यावर, शेजारच्या भाड्याच्या खोलीत आज कोणी परगावचा माणूस उतरला असेल. त्याचे जेवण झाले आहे का, एवढे विचारून यावे. बाकीचे प्रश्न नंतर विचारता येतील, किंवा न विचारलेही चालतील.